सत्तेचाळीस नंबरचा शेरा

माझ्या बहिणीचं पित्ताशय १९६१ च्या एप्रिलमध्ये अकोल्याला काढलं. त्यात तेवीस खडे निघाले. भूल उतरली तेव्हा ती पाणी मागेल म्हणून मी चमचा हातात घेऊन बसलो होतो. तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "किती?"

"तेवीस."

"नीट मोजले?"

"डॉक्टरांनी मोजले, मग कंपाउंडरनं मोजले, मग मी मोजले."

"त्याला सांग," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली. चेहऱ्यावर असं समाधान होतं, की शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं हिला मुलगा झाला.

‘त्याला’ म्हणजे अमरावतीचे डॉ. बापूसाहेब निमखेडकर यांना. ताईच्या पोटात काही नाही, असं हे गृहस्थ दोन वर्षं सांगत होते.

ताईचं नाव प्रमोदिनी. वय चौतीस, लग्न केलेलं नाही. अमरावतीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ती आठ वर्षं ऑपरेटर होती. तेव्हा आमच्याकडच्या फोनला तबकडी नव्हती. फोन कानाला लावला की एक्सचेंजमधून बाईचा आवाज यायचा, "नंबर प्लीज." आपण नंबर सांगायचा, ती जोडून द्यायची. परगावी बोलायचं असलं तर ट्रंक कॉल नोंदवायचा आणि तो लागेपर्यंत फोनजवळ उपाशी बसायचं. ताई गावातल्या तीनशे घरांना आवाजावरून ओळखत असे. कुणाकुणाचं खोटं बोलणंही ओळखत असे, पण त्याबद्दल ती मला कधी काही सांगत नसे. नियम होता तसा.

दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात दुखू लागलं. उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीतून खांद्यापर्यंत जायची. हेडफोन लावलेली बाई खुर्चीतच दुमडून जायची. अशा अकरा दिवसांची तिनं आजारी रजा घेतली. रजेसाठी दाखला लागतो, आणि कचेरीच्या यादीवर निमखेडकर होते. त्यांनी तिचं पोट वरवर दाबलं, तिच्या गळ्याकडे पाहिलं आणि दाखला लिहिला: ‘शारीरिक आजार आढळला नाही. अविवाहित. स्वभाव चिंताग्रस्त. कामास पूर्ण योग्य.’ सहा महिन्यांनी दुसरा दाखला लिहिला, तोही शब्दशः तोच. अविवाहित असणं हा आजार आहे की त्याचं लक्षण, हे वैद्यकशास्त्रात कुठं आलंय ते मी भूगोलाचा मास्तर असल्यानं मला माहीत नाही. फी मात्र त्यांनी दोन्ही आजारांची घेतली असावी.

एप्रिलमध्ये ताई पिवळी पडली, तेव्हा मी तिला बसमध्ये घालून अकोल्याला डॉ. अय्युब यांच्याकडे नेलं. त्यांनी बोट टेकवलं, ताई ओरडली, ते म्हणाले, "बस्स. परवा सकाळी."

दवाखाना छोटा होता. बायकांच्या खोलीत तीन खाटा होत्या, आणि व्हरांड्याच्या टोकाला कंपाउंडरच्या टेबलावर एक काळा फोन. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. हातात डबा, बुरख्याची जाळी वर केलेली. तिन्ही खाटांकडे तिनं पाहिलं.

"अमरावतीवाल्या आपा कोन्त्या?"

ताईनं डोळेही उघडले नाहीत. "हमिदा?"

"हाओ!"

सहा वर्षं या दोघी रोज बोलत होत्या. अमरावतीहून अकोल्याला कॉल जोडायचा तर अकोल्याच्या एक्सचेंजमध्ये हमिदा असायची. एकमेकींना पाहिलं मात्र कधीच नव्हतं. आता दोघी एकमेकींकडे जरा नाराजीनं बघत होत्या.

"मला वाटलं होतं तू उंच असशील," ताई म्हणाली.

"आन मले वाटलं तुमी गोऱ्या असान."

"ट्रंकवर रंग येत नाही."

"उंची बी येत नाई, आपा."

डब्यात हमिदाच्या आईनं, रजियाबीनं, मुगाची खिचडी दिली होती. तेल नाही, तूप नाही, हळदसुद्धा घाबरत घातलेली. वऱ्हाडातल्या बाईच्या हातून अशी खिचडी होणं म्हणजे किती प्रेम असलं पाहिजे, हे बाहेरच्यांना कळणार नाही. डबा उघडल्यावर वासच आला नाही. मला भरून आलं.

डॉ. अय्युब रोज सांगत, चाला. ताई रोज सांगे, उद्या. पोटाला नळी होती, टाके ओढत होते आणि उन्हानं भिंती तापल्या होत्या. सहाव्या दिवशी दुपारी अडीचला कंपाउंडर ओरडला, "प्रमोदिनीबाईंना फोन! मूर्तिजापूरहून!"

ताईनं माझ्या खांद्यावर हात टाकला. खाटेपासून टेबलापर्यंत सोळा पावलं होती. ती चालायला तिला सहा मिनिटं लागली आणि तोवर पलीकडच्यानं फोन ठेवला नव्हता.

"बाई, मी शेषराव बोलून राहिलो." शेषराव हे मूर्तिजापूरचे ऑपरेटर. अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध बसून दोन्हीकडचं ऐकणारा माणूस. आवाज एवढा मोठा, की फोन नसता तरी चाललं असतं. "कशी हाये तब्येत?"

"चाललेय."

"तेच पायजे. आता ऐका माहं. माहं बी पित्ताशय काढलं, तीन वर्सं झाली. डॉक्टर सांगत नाईत ते मी सांगतो. खोकला आला त पोटाशी उशी धरा, घट्ट. उठताना सरळ उठू नोका, कुशीवर वळा, मंग हातावर जोर द्या. अन भजं खाऊ नोका."

"भजं कोण देतंय मला?"

"देनारे भेटतात बाई. मले भेटला. पंधराव्या दिवशी एकच भजं खाल्लं. डॉक्टरानं इचारलं, मी म्हटलं, निस्ता वास घेतला."

"मग?"

"मंग दोन दिवस देवाले नाव घेऊ-घेऊ बलावलं."

तेवढ्यात लाइनीवर तिसरा आवाज आला. अमरावतीहून सिंधू. ही ताईच्या हाताखाली शिकलेली, बावीस वर्षांची, चटपटीत मुलगी. "ताई, तुमची खुर्ची मी कुणाला देत नाही हं. त्या नव्या मुलीला सांगितलं, खुर्चीत ढेकूण आहेत." मग चौथा आवाज, हमिदाचा, अकोल्याहून. चार ठिकाणची चार माणसं एका तारेवर. अडीच ते तीन या वेळात सगळा वऱ्हाड उन्हामुळे झोपलेला असे, ट्रंक लाइन मोकळी पडलेली असे, आणि ही मंडळी तिच्यावर गप्पा मारत. हे नियमात बसत नव्हतं. म्हणून ते त्याला ‘लाइन टेस्टिंग’ म्हणत.

लाइन रोज टेस्ट होऊ लागली. ताई रोज सोळा पावलं जाऊ लागली. डॉ. अय्युब यांना वाटलं, आपल्या सांगण्याचा परिणाम.

मग कचेरीचं पत्र आलं.

मी ते आधी उघडून वाचलं आणि पुन्हा चिकटवावं म्हणून डिंक शोधत होतो, तेवढ्यात तिनं पाहिलं. पत्र असं होतं, की आपण ज्या अकरा दिवसांची आजारी रजा घेतली, त्या दिवसांत आपण आजारी नसल्याचे दोन दाखल्यांवरून दिसते. सबब आपणांस नोकरीत कायम का करण्यात यावे याचा खुलासा ३० जूनपूर्वी करावा. ताई आठ वर्षं हंगामी होती. त्या वर्षी कायम करायची यादी निघणार होती, आणि यादीत नाव नसेल त्यांना ऑगस्टपासून कमी करणार होते. मला तेव्हा एकशेदहा रुपये पगार होता हे जाऊ द्या. मुद्दा तो नव्हता. ताईला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं अशी तिची इच्छाही नव्हती.

"पण तेवीस खडे निघाले की," मी म्हणालो. "अय्युबसाहेबांचा दाखला लावू."

"पाठीमागं बघ."

पाठीमागं निमखेडकरांचं नवं मत टाचलेलं होतं. ऑपरेशनच्या रजेच्या अर्जात मी खड्यांचं लिहिलं होतं, म्हणून कचेरीनं त्यांना विचारलं होतं, या खड्यांचं काय? त्यांनी लिहिलं होतं: ‘खडे अलीकडचे असावेत. मी तपासले तेव्हा रुग्णास पित्ताशयाचा विकार नव्हता व तशी शंकाही मला कधी आली नाही.’

म्हणजे दोन वर्षांच्या कळा खोट्या, आणि खडे मात्र जणू बसमध्ये बडनेऱ्यानंतर कुठंतरी तयार झाले.

ताई रडली नाही. तिनं पत्राची घडी केली, कुशीवर वळली, हातावर जोर दिला, उठली आणि कुणी बोलावलेलं नसताना, माझा खांदा न धरता, सोळा पावलं चालत गेली. मी घड्याळ पाहिलं. पाऊण मिनिट.

अडीच वाजले होते. तिघंही लाइनवर होते. तिनं पत्र वाचून दाखवलं.

सिंधू म्हणाली, "ताई, सत्तेचाळीस नंबर ना त्याचा? आता बघाच. त्याचा प्रत्येक कॉल मी स्मशानाच्या चौकीदाराला जोडते."

"चौकीदाराकडं फोन नाही," ताई म्हणाली.

हमिदा म्हणाली, "इकडून मी लाइनच देत नाई त्याले. बोंबलत बसू द्या."

शेषराव म्हणाले, "मी मंधातून तोडतो. कोनाले समजत नाई."

"काही तोडायचं नाही," ताई म्हणाली. "त्याच्याशी नियमाप्रमाणे वागायचं."

एवढी कठोर शिक्षा कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

त्याचं असं होतं. डॉक्टर लोकांचा ट्रंक कॉल आमच्या एक्सचेंजमध्ये रांग सोडून पुढे घेत. कुणा पेशंटसाठी असेल, उशीर नको, अशी त्यामागची भावना. लेखी काही नव्हतं, पण पाळत सगळे. निमखेडकर या भावनेचा लाभ नागपूरच्या भावाशी ब्रिजच्या डावांबद्दल बोलण्यासाठी घेत. दुप्पट दराचा अर्जंट कॉल करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. आणि तीन मिनिटं झाली तरी ऑपरेटर त्यांना तोडत नसत, कारण तोडलं की ते मोठ्या साहेबांकडं तक्रार करत.

"डॉक्टरचा कॉल पुढे घ्यायचा तो पेशंटसाठी," ताई म्हणाली. "म्हणजे पेशंट हवा. नाव विचार. आजार विचार. केस किती दिवसांची ते विचार. प्रत्येक कॉलचं तिकीट आपण फाडतोच. त्यावर शेऱ्याची जागा असते."

"तिथं कुणी काही लिहीत नाही, ताई."

"तू लिही. तारीख, वेळ, आणि तो म्हणेल ते, त्याच्याच शब्दांत. पेशंट नसेल तर रांगेत. आणि तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. चालत परत आली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रजियाबीची सगळी खिचडी संपवली.

दुसऱ्या दिवसापासून अडीच वाजले की दवाखान्यातला सगळ्यात टवटवीत पेशंट ताई असायची. सिंधू निमखेडकरांची नक्कल हुबेहूब करायची.

"एक्सचेंज! मी डॉक्टर निमखेडकर बोलतोय. अकोला, दोनशे बारा. लगेच."

"पेशंटचं नाव, डॉक्टर?"

"कसलं नाव? मी डॉक्टर बोलतोय!"

"हो. पण पेशंट कोण?"

"बाई, तुम्ही नव्या आहात का?"

"चार वर्षं झाली, डॉक्टर. पेशंट नसेल तर आपला नंबर आठवा आहे. दोन तास चाळीस मिनिटं."

अकोल्याचा दोनशे बारा म्हणजे उत्तमराव वकील. निमखेडकरांची थोरली मुलगी शैला लग्नाची होती, आणि उत्तमरावांचा मुलगा इंजिनियर होऊन नुकताच परतला होता. लग्नसराई सुरू होती, इंजिनियर जास्त दिवस टिकत नसत. डॉक्टरांनी दोन तास चाळीस मिनिटं घरात येरझारा घातल्या. मग कॉल लागला. तो लागला तेव्हा उत्तमराव जेवून झोपले होते. याला नियमांचा इलाज नव्हता.

"मुलीचं लग्न मोडायचं नाही हं," ताईनं तिघांना बजावलं. "पोरीनं काय केलंय?"

"काईच नाई मोडत," हमिदा म्हणाली. "निस्तं लेट करून राहिलो."

चौथ्या दिवशी मंगळ आला. उत्तमरावांनी पत्रिकेबद्दल विचारलं होतं. निमखेडकरांनी रांगेत तिष्ठून लाइन मिळवली, आधी उन्हाबद्दल बोलले, मग इंजिनियरिंगबद्दल बोलले, मग म्हणाले, "आणि हे बघा उत्तमराव, शैलाला मंगळ—"

तीन मिनिटं झाली. सिंधूनं घड्याळाकडं पाहून लाइन काढली.

"मी ऐकत नव्हते, ताई. मी काटा बघत होते. शप्पथ. ते नंतर त्यांनीच मला ओरडून सांगितलं, ‘अहो, मंगळ नाही म्हणायचं होतं मला! नाही!’"

ताई हसली. टाके असलेल्या माणसानं हसायचं नसतं. शेषराव पलीकडून ओरडत होते, "उशी! उशी धरा बाई!" मी खोलीत पळत जाऊन उशी आणेपर्यंत ती टेबलावर ओणवी होऊन रडत होती आणि हसत होती. डॉ. अय्युब बाहेर आले. "ये कैसे हुआ?"

"मंगळामुळे," मी म्हणालो. ते माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी माझीही नाडी पाहिली.

"पुढं सांग," ताई म्हणाली. "मग तो काय म्हणाला?"

आता सिंधूचा आवाज जरा बारीक झाला. "ताई, रागावू नका. ते म्हणाले, मला आत्ताच्या आत्ता पुन्हा अकोला हवं. मी म्हटलं, पेशंट? तर जरा थांबले, आणि एकदम गोड आवाजात म्हणाले, ‘अहो, तुमच्याच त्या प्रमोदिनीबाई. अकोल्याला ऑपरेशन झालंय ना त्यांचं? त्यांच्या सर्जनशी बोलायचंय. तुमच्या मैत्रिणीसाठी एवढं करा.’"

ताईनं उशी बाजूला ठेवली.

"माझं नाव?" ताई म्हणाली. "मुलीचा मंगळ निस्तरायला माझं नाव?"

"मी लाइन दिली, ताई. चुकलं का?"

"नंबर कुठला मागितला?"

"दोनशे बाराच."

"शेऱ्यात काय लिहिलंस? वाच."

सिंधूनं वाचलं. "‘पेशंट प्रमोदिनीबाई, आपल्याच ऑपरेटर. आजार पित्ताशयाचा. केस दोन वर्षांची.’"

"पुन्हा वाच."

सिंधूनं पुन्हा वाचलं.

"केस दोन वर्षांची, हे तो म्हणाला?"

"मी विचारलं, तुम्ही सांगितलं होतं तसं. म्हणाले, ‘दोन वर्षांपासून माझीच पेशंट आहे.’"

ताईच्या चेहऱ्याकडं बघून मला अकरावीतला गणिताचा पेपर आठवला. शेवटचं उदाहरण सुटलं की तिचा चेहरा असा व्हायचा.

"सिंधू, तो उद्या पुन्हा करेल. एकदा लाइन मिळालीय, आता चटक लागेल. उद्या फक्त एवढंच विचार, निदान कुणी केलं?"

दुसऱ्या दिवशी उत्तमरावांना मंगळाचा खुलासा पुरेसा वाटला नव्हता, त्यामुळे फोन आलाच. सिंधूनं अदबीनं विचारलं, निदान आपलंच का? आणि निमखेडकर फुलले. "मग कुणाचं? त्या अकोलेवाल्याचं? मी दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं पित्ताशय. सांगितलं होतं ऑपरेशन करा. ऐकलं नाही बाईंनी. लावा आता."

सिंधूनं लाइन लावली. शेऱ्याची जागा कमी पडली म्हणून तिनं तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं.

असे सहा कॉल झाले. सहा तिकिटं अमरावतीला, आणि त्याच कॉलची सहा तिकिटं अकोल्याला हमिदाकडं, त्यावर मागितलेला नंबर: दोनशे बारा. ताईची जखम भरत गेली. नळी निघाली, टाके निघाले. डॉ. अय्युब म्हणाले, एवढ्या लवकर ताकद आलेला पेशंट मी पाहिला नाही, तुम्ही हिला काय देता? मी म्हणालो, खिचडी.

पंधरा मेला आम्ही अमरावतीला परतलो. पथ्य एकच उरलं होतं, दोन शेरांहून जास्त वजन उचलायचं नाही. म्हणून चोवीस जूनला मोठ्या साहेबांपुढं खुलाशासाठी जाताना फाइल उचलायला मी बरोबर होतो. फाइल अर्ध्या शेराची होती, पण मला आत जायचं होतं.

निमखेडकर आधीच खुर्चीत बसले होते. पांढरा सूट, छातीच्या खिशात दोन पेनं. ताईकडं बघून मान हलवली, जशी नव्या जावयाकडं बघून हलवतात.

"छान दिसताय. उगाच मनाला लावून घेऊ नका. खडे काय, आठ दिवसांतसुद्धा होतात."

"तेवीस?" ताईनं विचारलं.

"उन्हाळा होता," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. ते बी.ए. होते, उन्हाळ्यानं काय काय होतं हे त्यांना ठाऊक होतं. "डॉक्टरसाहेब, आपलं मत कायम आहे? तपासलंत तेव्हा विकार नव्हता, शंकाही आली नव्हती?"

"शंकेचा प्रश्नच नव्हता. या बाईंना पित्ताशयाचा काही त्रास आहे असं मी आजवर कुणालाही म्हटलेलं नाही. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. ताई ते लिहून होईपर्यंत थांबली. शेवटचा पूर्णविराम दिला गेल्यावर म्हणाली, "साहेब, सत्तेचाळीस नंबरची मे महिन्यातली ट्रंकची तिकिटं मागवता का? आपल्याच रेकॉर्डला आहेत."

शिपाई तिकिटं घेऊन आला. साहेबांनी पहिलं वाचलं, चष्मा पुसला, दुसरं वाचलं. मग मागची बाजू मोठ्यानं वाचली. "‘मी दोन वर्षांपूर्वीच ओळखलं होतं पित्ताशय. सांगितलं होतं ऑपरेशन करा.’ डॉक्टरसाहेब?"

डॉक्टरांचा चेहरा ताईच्या एप्रिलमधल्या रंगावर गेला. "हे... हे बेकायदा आहे! टेलिफोनवरचं संभाषण गुप्त असतं!"

"संभाषण गुप्त असतं," ताई म्हणाली. "ते मी मेले तरी सांगणार नाही. हे संभाषण नाही. कॉल पुढे घ्यावा म्हणून आपण कचेरीला दिलेलं कारण आहे. ते सरकारी असतं."

"मी ते... ते आपलं लाइन लवकर मिळावी म्हणून..."

"मग पेशंट नसताना सहा वेळा रांग तोडली," ताई म्हणाली. "तसं लिहून द्या. की कारण खरं होतं आणि दाखले खोटे होते? तसं लिहून द्या. मला दोन्ही चालतं. घाई नाही."

साहेब अकोल्याच्या तिकिटांवर बोट ठेवून होते. "हा दोनशे बारा नंबर सर्जनचा आहे?"

"डिरेक्टरीत बघावं लागेल, साहेब," ताई म्हणाली. "आणू?"

"नको!" निमखेडकर उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. उत्तमराव वकिलांच्या घरापर्यंत हे प्रकरण पोचलं, तर मंगळ परवडला असता. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं. थोडा वेळ ते त्या कागदाकडं पेशंटसारखे बघत राहिले, मग लिहू लागले: ‘सदर रुग्णास सुरुवातीपासून पित्ताशयाचा विकार होता. माझ्या दोन्ही दाखल्यांत अनवधानाने...’

ताई वाकून वाचत होती. "अनवधान एकदा होतं. दोनदा झालं की चूक. ‘चूक’ लिहा."

त्यांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब पंख्याकडं बघत होते. त्यांनी ‘चूक’ लिहिलं.

"आता याच्या आणखी तीन प्रती."

"शिपायाला सांगा, कार्बन आणेल."

"कार्बन नको. हातानं. एक कचेरीला, एक मला, एक अकोल्याच्या एक्सचेंजला आणि एक मूर्तिजापूरला."

"मूर्तिजापूरला कशाला?"

"तिथं वाट बघून राहिलेत," ताई म्हणाली. वऱ्हाडी ती एरवी बोलत नसे.

चार प्रती लिहायला त्यांना पस्तीस मिनिटं लागली. दुसऱ्या प्रतीत त्यांचं एक पेन संपलं. तिसऱ्या प्रतीत एक शब्द राहिला, ताईनं ती परत लिहायला लावली. मी फाइल धरून उभा होतो आणि माझ्या आयुष्यात मला कधी एवढं हलकं वजन उचलल्याचं आठवत नाही.

साहेबांनी तिथल्या तिथं ताईच्या नावापुढं शेरा मारला: एक जुलैपासून कायम. मग निमखेडकरांकडं वळून म्हणाले, "खोट्या कारणावर सहा कॉल, ही बाब गंभीर आहे. प्रमोदिनीबाई, तुम्ही तक्रार दिलीत तर मी यांचा टेलिफोन काढून घ्यायची शिफारस करू शकतो. देता?"

डॉक्टरांनी हात जोडले. खरोखर जोडले, पेन तसंच बोटांत होतं.

"नको, साहेब," ताई म्हणाली. "फोन राहू द्या."

डॉक्टरांचे डोळे पाणावले. माझेही जरा पाणावले. एवढा त्रास सोसून शेवटी तिचं मन मोठं निघालं, असं मला वाटलं आणि टांग्यात बसल्यावर मी तिला ते बोलूनही दाखवलं.

"मोठं?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी भूगोलात नापास झालो असावा. "अरे, फोन काढला तर तो पत्रं लिहील. पत्रं माझ्या हातात येत नाहीत."

टांगा राजकमल चौकातून वळला. ताईनं पोटावर हात ठेवला, दुखत नाही याची खात्री केली, आणि ऑर्डरचा कागद पुन्हा उघडून पाहिला.

"कायम म्हणजे पंचावन्नपर्यंत. अजून एकवीस वर्षं मी त्या खुर्चीत आहे," ती म्हणाली. "आणि शैलाच्या पाठीवर त्याला आणखी दोन मुली आहेत."